रिकामा ताबा

मोबाइल उलटे करून ठेवा, मगच सांगतो. उजेड तोंडावर पडला की माणूस ऐकत नाही, नुसता बसतो. आणि हे कुठून तरी ऐकलेलं नाही. आमच्या विघ्नेशच्या बाबतीत घडलेलं आहे. विघ्नेश म्हणजे माझ्या मावसभावाचा मुलगा, विरारला मनवेलपाड्यात फ्लॅटचे सौदे जुळवतो. हे सांगताना त्याच्या हातातला चहा गार झाला, पण तोंडाला लागला नाही. आणि विघ्नेश चहा सोडणाऱ्यातला नाही.

तारीख तेरा नोव्हेंबर, गुरुवार. आत्ता गेला तोच नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका फ्लॅटचं रजिस्ट्रेशन होतं. त्या कामात विघ्नेशची एक पद्धत आहे. आदल्या संध्याकाळी तो एकटा जातो आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ काढतो. एकेका खोलीत उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "हॉल रिकामा. किचन रिकामं." मग तो व्हिडिओ घेणाऱ्याला पाठवतो. एकदा विकणाऱ्याचा मेहुणाच घरात ठाण मांडून बसला होता, ते पार पोलिसांपर्यंत गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

हा फ्लॅट श्रीरंगचा. देवगडकडचा माणूस, वीस वर्षं इथे नोकरी केली, आता गावी परत निघालेला. घेणारं जोडपं भाईंदरचं, कौस्तुभ आणि अनुष्का. तिला सातवा महिना. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती, त्यामुळे त्यांनाही घाई होती. घर बघायला आली तेव्हा अनुष्कानं एवढंच विचारलं होतं, "घरात कोणी गेलेलं वगैरे नाही ना, दादा?"

"छे हो," विघ्नेश म्हणाला.

तेव्हा ते खरं होतं. पण अठ्ठावीस ऑक्टोबरला, मंगळवारी पहाटे, श्रीरंगची आई यमुनाबाई त्याच हॉलमध्ये झोपेत गेली. श्रीरंगनं पहिला फोन कोणाला केला असेल? विघ्नेशला. आणि आमचे चिरंजीव काय म्हणाले, ऐका. "आईंना असंच गावी न्या. दिवसही तिकडेच घाला. इथे दिवाबिवा लावून ठेवू नका. पार्टी पडद्यांची मापं घ्यायला येणार आहे, दिवा बघितला तर सौदा गेलाच समजा."

माणूस जिथे जातो तिथे दिवा लावतात. दहा दिवस तो विझू देत नाहीत. हे काय तुम्हाला मी सांगायला हवं? श्रीरंगला कळत होतं, विघ्नेशलाही कळत होतं. पण घाईच्या माणसाला कळून उपयोग काय. रुग्णवाहिका आली, घराला कुलूप लागलं आणि हॉलचा तो कोपरा अंधारात राहिला. मला विघ्नेशचा राग येतो तो इथे. खोटं बोलला म्हणून नाही, धंद्यात थोडंफार चालतं. पण मेलेल्या बाईच्या उशाचा दिवा अडवायचा म्हणजे काय.

तर गुरुवारी रात्री पावणेनऊला तो जिना चढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कुलूप काढतोय तर समोरचं दार किलकिलं झालं. शेजारच्या हंसाबेन.

"विघ्नेशभाई, आत कोणी राहायला आला आहे का?"

"नाही ओ. कुलूप आहे, बघा ना."

"मग रात्री भिंतीवर हात घासल्यासारखा आवाज कसला येते? कोणी बटण शोधते ना, तसा."

"उंदीर असतील," विघ्नेश म्हणाला. हंसाबेन मागे सरल्या. दार मात्र त्यांनी पूर्ण लावलं नाही.

त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आत गेला. बटण दाबलं. उजेड नाही. लागेल कसा? दिवस उरकून श्रीरंगनं सामान हलवलं होतं, चाव्या विघ्नेशकडे दिल्या होत्या, आणि घर विकणारा माणूस पंख्यापासून शेवटच्या बल्बापर्यंत सगळं सोडवून नेतो. त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि व्हिडिओ चालू केला.

"किचन रिकामं."

ओटा कोरडा. नळ बंद.

"बेडरूम रिकामी."

खिडकीला कडी. भिंतीवर कपाटाचा पांढरा चौकोन.

बाथरूम झालं. गॅलरी झाली. राहिला हॉल.

हॉलच्या मधोमध येऊन तो उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. "हॉल..." म्हणाला. पुढचा शब्द येईना. घसा खाकरला. परत म्हणाला. "हॉल..."

पायाखालची फरशी कोमट होती.

बाकी सगळ्या घरात पाय गार पडत होते. इथेच तेवढी, हातभर जागा... कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. त्याच्या लक्षात आलं, खाट इथेच होती.

तो एक पाऊल मागे सरला. भिंतीवरून काहीतरी घासत गेलं. हळू. बटणाच्या दिशेनं.

टक.

बटण दाबल्याचा आवाज. उजेड नाही.

टक. टक.

त्यानं टॉर्च तिकडे फिरवला. भिंत. बटण. कोणी नाही.

आणि मग आवाज आला. बटणापासून नाही. खालून, त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून. जमिनीवर बसलेलं माणूस बोलतं, तसा. थकलेला. रागावलेला अजिबात नाही.

"श्रीरंगा... दिवो लाव रे बाबा. माका वाट दिसना नाय."

...

विघ्नेश बाहेर कसा आला, त्याला आठवत नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. पायात चपला नाहीत. घराचं दार सताड उघडं. आत काळोख. खाली रस्त्यावर रिक्षावाले बोलत होते, ते ऐकू येत होतं.

पळून गेला असता तर कोणी विचारणार नव्हतं. अकराला सह्या, साडेअकराला चाव्या त्यांच्या हातात, की हा मोकळा. तसं त्याच्या मनात आलंसुद्धा, त्यानंच मला सांगितलं. पण मग त्याला अनुष्का दिसली. ती पोर उद्यापासून इथे झोपणार. ह्याच हॉलमध्ये, ह्याच फरशीवर. पोटात सात महिन्यांचं घेऊन. आणि रात्री कोणीतरी बटण शोधत राहणार.

त्यानं हंसाबेनचं दार वाजवलं.

"पणती आहे का एखादी? दिवाळीतली उरलेली?"

हंसाबेननी का म्हणून विचारलं नाही. पणती आणली, वात आणली, वाटीत तेल आणलं, काडेपेटी आणली. त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "बहु मोडू केलं, फार उशीर केला तुम्ही लोकांनी."

तो परत आत गेला. टॉर्च बंद केला. का केला, त्यालाच माहीत. चाचपडत त्या कोमट फरशीपर्यंत पोचला आणि गुडघ्यावर बसला. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. त्याच्या डाव्या कानाजवळ कोणीतरी श्वास घेत होतं. म्हाताऱ्या माणसाचा, छातीत घरघरणारा. तो वळला नाही.

तिसऱ्या काडीला वात लागली.

"आजी," तो म्हणाला, "श्रीरंगची चूक नाही. त्याला मीच दिवा लावू दिला नाही. मी."

श्वास थांबला.

"आता... दिसतंय का?"

काही नाही. तो उठला, पाठ न फिरवता दारापर्यंत मागे मागे आला आणि बाहेरून कुलूप लावलं. फ्लॅटच्या तिन्ही चाव्या त्याच्याच खिशात होत्या. हे नीट लक्षात ठेवा.

सकाळी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसबाहेर टपरीवर चौघं भेटली. आत जायच्या आधी विघ्नेशनं सगळं सांगून टाकलं. कौस्तुभ उसळला. "म्हणजे आम्हाला गंडवून सह्या घेणार होता तुम्ही?" श्रीरंग मान खाली घालून रडत होता. आईला मुलाच्या हातचा दिवा मिळाला नाही, एवढंच म्हणत होता. पन्नाशीचा माणूस, रस्त्यावर उभा राहून.

अनुष्का पोटावर हात ठेवून पुढे झाली. तिनं विचारलं, "आता लावलाय ना पण?"

"लावलाय."

"मग सह्या राहू देत. आधी घर बघू."

चौघं तिसऱ्या मजल्यावर आली. कुलूप होतं तसं. विघ्नेशनं उघडलं. हॉलमध्ये पणती नव्हती. फरशीवर तेलाचा गोल डाग, बस्स. किचन बघितलं, बेडरूम बघितली, गॅलरी बघितली. खिडक्यांना आतून कड्या. ती पणती आजपर्यंत सापडलेली नाही.

आवाज ऐकून हंसाबेन बाहेर आल्या. पहाटे चारला त्या पाणी भरायला उठल्या होत्या. दाराच्या भिंगातून त्यांना उजेड दिसला होता. जिन्यावरून खाली जाणारा, पणतीएवढा. त्यांनी दार उघडून कठड्यावरून खाली बघितलं. तो प्रत्येक वळणावर थांबत होता, गुडघे दुखणारं माणूस थांबतं तसा. मग पुढे.

"आणि माणूस?" श्रीरंगनं विचारलं.

"माणूस नाही दिसला, भाई. उजेडच."

व्हिडिओचं विचाराल, तर मी तो बघितलाय. त्यात विघ्नेशचा श्वास आहे, दुसरं काही नाही. सोमवारी सह्या झाल्या. अनुष्काला मुलगी झाली, ती त्याच हॉलमध्ये झोपते. शांत झोपते म्हणतात. हे सगळं सोडून द्या हवं तर.

पण मी स्वतः जाऊन तो जिना उतरलोय. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत, दर वळणाला एक तेलाचा थेंब. सोसायटीनं दोनदा सोडा टाकून घासले, निघत नाहीत. गेटपाशी शेवटचा आहे. तो थेंब नाही, चांगला हाताएवढा डाग आहे. तिथे ती बराच वेळ उभी राहिली असणार. घराकडे तोंड करून.