सोन्याखालचे दात

नोदिरा आली ती तोंडावर ओढणी धरूनच. बहरोम-आकांसमोर बसली तरी हात खाली घेईना.

"सोमवारी मला पकडून नेणार," ती म्हणाली. "म्हणे, मी नवऱ्याला मारून कालव्यात टाकलं. दोन लेकरं आहेत हो, आका. त्यांना सासूच्या हवाली करू?"

"मारावंसं वाटलं होतं का?"

तिने ओढणी खाली केली. समोरचे दोन दात नव्हते. "तोलकिनने पाडले. म्हणून तर सगळ्यांची खात्री पटली."

बहरोम-आका पोलिसातून निवृत्त झालेले. एर्गाश त्यांची टॅक्सी चालवायचा आणि दरवेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"पण प्रेत त्याचंच ना?" एर्गाश म्हणाला. "पंधरा दिवस पाण्यात, चेहऱ्याचं काही उरलं नव्हतं, पण वरचे चार सोन्याचे दात! अख्खं मर्गिलान शहर त्याला त्यांच्यावरून ओळखायचं."

"आपली माणसं सोनं दिसलं की पुढे बघतच नाहीत," आका म्हणाले. "चल."

तोलकिनला ते दात बसवणारा डॉक्टर, मिरवली नावाचा, आपल्या कामावर भारी खूश.

"मधले दोन घोड्याच्या लाथेने गेले होते. कवळी घे म्हटलं, हाडात खिळा रोवून दात बसवतो म्हटलं. लग्न तोंडावर, त्याला सोनंच हवं! मग बाजूचे दोन दात घासून त्यांचे खुंट केले, वर चार सोन्याच्या दातांचा एकसंध पूल चिकटवला."

"आपोआप निघेल?"

"माझं काम? हातोडी-छिन्नीशिवाय निघायचं नाही." एवढं बोलून तो एकदम उठला आणि हात धुऊ लागला. मघाशीच धुतले होते.

प्रेताला आंघोळ घालणारे हमदाम-बोबो हळहळले. "सोनं गालात सैल पडलं होतं. रिवाजाप्रमाणे आईच्या हाती दिलं. काय सांगू, एवढी शाबूत बत्तीशी मातीत गेली!"

तोलकिनची आई होसियत अंगणात जर्दाळूच्या बिया दातांनी कडाकड फोडत होती. शेजारी चहात भिजवलेल्या नानचा वाडगा, थंडगार.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी. म्हातारीला दुसरं काय चाववतंय?"

एर्गाशला तिची दया आली. "गुन्हा नोदिराचाच," गाडीत बसताना तो पुटपुटला.

"गाढवा, बिया कशाने फोडत होती?"

रविवारी आकांनी सगळ्यांना त्याच अंगणात जमवलं, इन्स्पेक्टरलाही.

"तोलकिनच्या तोंडात दोन खिंडारं आणि दोन खुंट. बोबोंनी पाहिली ती शाबूत बत्तीशी. म्हणजे पुरलेला माणूस दुसराच. पूल निघाला कसा? मिरवली, छिन्नी तुझीच."

मिरवलीचा चेहरा पडला. "दुखतंय म्हणाला, काढून दिला. प्रेत सापडल्यावर घाबरलो, आका."

"घासलेले खुंट उघडे पडले की गरम सोसत नाही, कडक चाववत नाही. या घरात थंड चहातला नान कोण खातंय? होसियत-आपाचे दात तर पोलादी आहेत."

शिपाई तळघरात उतरले. तोलकिनला वर आणलं तेव्हा तो तोंडावर हात धरून होता, अगदी नोदिरासारखा. शेतावरच्या एका मजुराला त्याने रागाच्या भरात फावड्याने ठार मारलं होतं. मग आपला सदरा त्याच्या अंगात, आपलं सोनं त्याच्या तोंडात.

"आणि सुनेला फासावर चढू देणार होतीस?" एर्गाश ओरडला. त्याला शरमेने रडू येत होतं.

"सून दुसरी मिळते रे," होसियत म्हणाली. "मुलगा मिळत नाही."

नोदिरा सुटली, म्हणून एर्गाशला वाटलं आता ती हसेल. ती नवऱ्याकडे बघतही नव्हती.

"आका, त्या कबरीत कोण आहे?"

"नाव कुणालाच माहीत नाही. डोंगराकडून आलेला पोरगा, एवढंच."

नोदिराने ओढणी पूर्ण खाली केली. "मग शोधा. त्याचीही आई असेल. तीही रोज नान राखून ठेवत असेल."