नटावरची पिवळी खूण

"मिस्त्री आहेत का?"

"आहेत. तुम्ही त्यांच्याच पायावर उभे आहात..."

तो तीन ताड उडाला. ती गाडीखालून सरपटत बाहेर आली आणि सवयीनं वाट पाहू लागली. 'मिस्त्री म्हणजे तुम्ही?' असं विचारणारे तोंडाचा आ वासलेले चेहरे तिनं गॅरेजात ढिगानं पाहिले होते. पण हा एवढंच म्हणाला, "फार लागलं का?"

"बूट जाड आहेत. काय काम?"

त्यानं दाराकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या मागं दोरखंडानं बांधलेला एक म्हातारा ट्रक उभा होता. एक दिवा फुटलेला, बॉडी गंजलेली, केबिनच्या फरशीला ताटाएवढं भोक.

"मालक कोण याचे?"

"मीच."

"तुम्ही?" ती म्हणाली आणि जीभ चावली. नेमका तोच सूर तिच्या तोंडून निघाला होता. तो मात्र हसला. तेव्हापासून ती त्याला 'मालक' म्हणू लागली आणि तो तिला 'मिस्त्री'.

ट्रक त्याच्या काकांचा होता. त्यांनीच याला लहानाचं मोठं केलं, आणि गेले ते हा ट्रक याच्या नावावर करून. तीन वर्षं तो गोदामामागं पडून होता. काकूंनी आता निर्वाणीचं सांगितलं होतं, सोळा तारखेला आरटीओत पासिंग झालं तर तुझा, नाहीतर भंगारवाल्याचा. पासिंग झालं की वीस तारखेपासून दूरच्या एका वीटभट्टीवर काम ठरलं होतं. म्हणजे ट्रक धड झाला की मालक गावाबाहेर. हे गणित तिला पहिल्या दिवशीच कळलं, आणि पहिल्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही.

ब्रेकचं काम दोघांचं असतं. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी पडून नळीतली हवा काढायची. तिच्या बाबांचा गुडघा अधू, ते खुर्चीतूनच गॅरेज बघायचे, म्हणून मालकच केबिनमध्ये चढला.

"दाबा... धरा... सोडू नका हं."

"नाही सोडत."

"आता सोडा."

"एवढ्यात?"

खाली तिला हसू फुटलं. बरंय, त्याला दिसत नव्हतं. फरशीच्या भोकातून आवाज तेवढा ये-जा करायचा. त्या भोकातून तो काय काय बोलला! काका गाडी चालवताना शिट्टी वाजवायचे, याला गिअरशेजारी झोपवायचे. काका गेल्यावर हा तीन वर्षं ट्रकच्या जवळ फिरकला नाही. समोर बसून त्याला हे सांगता आलं नसतं, आणि तिलाही ऐकता आलं नसतं. बाबांच्या पायाचं तिनंही तिथूनच सांगितलं. कुणीतरी एक नट सैल सोडला होता, गाडी त्यांच्या गुडघ्यावर आली, आणि कुणी ते आजवर कबूल केलं नाही. म्हणून ती प्रत्येक नट आवळला की त्यावर ब्रशनं पिवळी रेघ ओढायची.

"ही खूण लागली की त्याला कुणी हात लावायचा नाही. मालकानंसुद्धा."

"जशी मिस्त्रींची आज्ञा."

बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. "चार दिवसांचं काम," ते एकदा सहज म्हणाले, "आज अकरावा."

"जुना ट्रक आहे, बाबा."

"हो, ट्रक जुनाच आहे," बाबा म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

बाराव्या दिवशी तिनं भोकावर पत्रा ठोकला. पासिंगला भोक चालत नाही. शेवटचा रिव्हेट बसला आणि वरचं बोलणं खाली ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल होती. पाऊस भुरभुरत होता. मालकानं इंजिन सुरू केलं तशी ती पलीकडचं दार उघडून चढली.

"तुम्ही कुठे?" त्यानं दचकून विचारलं.

"ज्यानं ब्रेक केले त्यानं पहिल्या फेरीत शेजारी बसायचं. आमच्याकडची पद्धत आहे."

त्यानं खाडकन इंजिन बंद केलं. "उतरा."

"का?"

"उतरा म्हणतोय ना!"

तिला ते झोंबलं. शेजारी बसलेलंही चालत नाही? ती उतरली, तसा तो वळसा घालून तिच्यासमोर आला आणि मूठ उघडली. तळहातावर पिवळ्या रेघेचा नट होता.

"तुमच्या सीटचा... काल संध्याकाळी काढला. सीट खडखडली असती, तुम्ही ट्रक अजून दोन दिवस ठेवून घेतला असता... तिथं कुणी बसेल असं वाटलंच नाही."

"माझ्या खुणेचा नट काढलात?" तिनं विचारलं. "बाबांचं ठाऊक असून?"

"हो." त्यानं मान खाली घातली, पण सबब सांगितली नाही. "चूक माझी. काय ते बोला."

तिनं पाना त्याच्या हातात दिला. त्यानं नट बसवला, तिनं आवळून पाहिला, पुन्हा रेघ ओढली आणि त्याच सीटवर बसली.

"चला."

उतारावर ट्रक सुसाट निघाला. तळाशी ती म्हणाली, "दाबा." ट्रक जागच्या जागी थांबला. काचेवर पाऊस वाजत राहिला.

"दोन दिवस राहायचंय, हे तोंडानं सांगता आलं नाही?" तिनं समोर बघत विचारलं.

"बोलायला एक भोक होतं... तेही तुम्ही बुजवलंत."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसली, आणि डोळे पुसले. "मला तरी कुठं बुजवायचं होतं," ती म्हणाली. "चार दिवसांच्या कामाला मी बारा दिवस लावले... उगाच नाही."

सोळाला पासिंग झालं. एकोणीस तारखेला तो निघायला आला, मागं काकूंनी बांधून दिलेलं गाठोडं. बाबा एकाएकी आत काहीतरी शोधायला गेले.

"ब्रेक कधी दाखवायला आणू?" त्यानं विचारलं.

"सहा महिन्यांनी."

"जुना ट्रक आहे, मिस्त्री..."

"मग दर महिन्याला."

तो केबिनमध्ये चढला, खिडकीतून हात बाहेर टेकवला. ती ब्रश घेऊन पुढं झाली आणि त्याच्या मनगटावर एक पिवळी रेघ ओढली. हळू, एकसारखी.

"आता कुणी हात लावायचा नाही?" त्यानं विचारलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "मिस्त्री सोडून. आणि... नीट चालव."