नमुन्याची काच

कल्पना कर, तुझ्या हातात एक काळी काच आहे. पत्त्याच्या पानाएवढी, पण जाड. ती डोळ्यांसमोर धर. काय दिसतं? काहीच नाही. खिडकी नाही, आई नाही, नाकासमोर धरलेलं स्वतःचं बोटसुद्धा नाही. आता त्या अंधारात एक हिरवा ठिपका पेटला असं समज. शाळेत शिकवलंय ना, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये? हा ठिपका म्हणजे हातभर अंतरावर आणून ठेवलेला सूर्य. तो लोखंड वितळवतो. तुझ्या आणि त्याच्या मध्ये फक्त ती काच आहे.

ती काच खोटी असली तर?

तीस वर्षं मी मुलांना हा प्रश्न विचारला. तांत्रिक शाळेत मी वेल्डिंग शिकवायचो. उत्तर मात्र मला माझ्याच घरात मिळालं, आणि आजही ते आठवलं की माझ्या कपाळाची शीर उडते.

माझी लेक वेल्डर आहे. फाटकं, जिने, टाक्यांचे सांगाडे करते. वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायच्या तिच्या शिल्डची काच तडकली, म्हणून तिने घाईत जवळच्या दुकानातून दुसरी आणून बसवली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी घरी आली, जेवली, नातीचा अभ्यास घेतला. या दुखण्याची लबाडी हीच आहे की ते लगेच दुखत नाही. सहा-सात तास जातात, आणि मग डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू भरतं. सकाळी ती भिंत धरून उठली. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवस अंधारात पडून राहायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की पुन्हा असं झालं तर नजरेची खात्री देता येणार नाही.

सोमवारी तिला टाकीच्या कामावर जायचं होतं. डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून ती म्हणाली, "तीच काच लावून जाईन, बाबा. थोडं थोडं वेल्डिंग मारेन."

मी उठलो. चप्पल घातली.

नात माझ्याबरोबर निघाली. अकरा वर्षांची आहे. घरात तिला पणका म्हणतात, कारण दर वाक्यामागे तिचं "पण का?" तयार असतं. आईची ती काच तिने फडक्यात गुंडाळून घेतली होती.

दुकान लांबट आणि अरुंद. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, त्यांवर वेल्डिंगच्या रॉडची पाकिटं, हातमोजे, एप्रन, केबलची वेटोळी. मागच्या भिंतीशी एक लाकडी बाक. भर दुपारीही एक ट्यूबलाइट लावलेली. दुकानदाराचं खरं नाव ठाऊक असलंच तर त्याच्या आईला. सगळे त्याला चालतंय म्हणतात. पाकीट फाटलंय? चालतंय. मोज्याची शिवण उसवलीय? चालतंय की, हातात बसला म्हणजे झालं.

आत शिरताच मला वास आला. ओझरता, तिखट, नाकात टोचणारा. रॉड जळताना येतो तसा. मी विचारलं, इथे मागे वेल्डिंग करता का? तो म्हणाला, हे दुकान आहे, कारखाना नाही, आणि मागे भिंतच आहे. ते खरंच होतं.

मी त्याला लेकीची हकिगत सांगितली. शांतपणे सांगितली. त्याने फडक्यातली काच उलटसुलट केली आणि म्हणाला, "काळी आहे ना? मग? बाई नवीन असतील. हळूहळू सवय होते डोळ्यांना."

बारा वर्षं हातात रॉड पकडायचा होल्डर धरलेल्या माझ्या लेकीला हा माणूस नवीन म्हणत होता. माझ्या जिभेवर बरंच आलं, पण शेजारी नात होती. शिकवायची वेळ असली की मला रागावता येत नाही, ही माझी जुनी खोड. मी तिला म्हणालो, चल, आज तुला खरेदी कशी करतात ते दाखवतो.

पहिल्यांदा हातमोजा. आधी वास घे, म्हटलं. चामड्याला चामड्याचा वास येतो. तिने नाक लावलं आणि म्हणाली, "हा तर माझ्या दप्तरासारखा येतोय." रेक्झिन. ठिणगी पडली की वितळून हाताला चिकटणार. मग रॉडचं पाकीट. तिने एक रॉड हलकेच वाकवला, तर वरचं आवरण ओल्या बिस्किटासारखं गळून पडलं. दमट. याचा सांधा आतून पोकळ राहील आणि एक दिवस कुणीतरी त्या जिन्यावरून चालत जाईल. चालतंय टेबलावर बोटं वाजवत होता. म्हणाला, आजोबा, घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?

मग काचा. त्याने पुठ्ठ्याचा डबा पुढे सरकवला. मी पणकाला म्हणालो, एकेक काच ट्यूबलाइटसमोर धर. खरी असेल तर ट्यूब जेमतेम हिरवट दिसेल किंवा दिसणारच नाही. तिने पहिली धरली. "स्पष्ट दिसतेय. जांभळी." दुसरी तशीच, तिसरीही. चौथ्या काचेच्या कडेला तिने नखाने खरवडलं आणि माझ्यापुढे बोट केलं. नखाखाली काळा रंग होता.

काचेला रंग दिला होता. साध्या खिडकीच्या काचेला, भिंत रंगवावी तसा, आणि वर अकरा नंबरची, म्हणजे गडद काळ्या काचेची, चिठ्ठी चिकटवली होती. मी ती काच त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. साध्या काचेतून माणूस निदान डोळे बारीक करतो, लांब होतो. ही काच काळी दिसते म्हणून तो विश्वासाने जवळ जातो. उघड्या डोळ्यांपेक्षा ही वाईट. मी त्याला विचारलं, हा डबा किती घरांत गेलाय?

तो म्हणाला, सगळे हेच विकतात.

पणका तोवर मागच्या भिंतीकडे गेली होती. बाकाच्या वर एका खिळ्याला एक जुनी हातात धरायची शिल्ड टांगलेली होती. तिने ती काढून आणली. "आजोबा, हिची काच बघू?"

"ती विकायची नाही," दुकानदार पहिल्यांदाच चटकन बोलला.

कुणाची आहे, असं मी विचारलं. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. एक म्हातारा वेल्डर होता, इथूनच काचा न्यायचा. त्याचे डोळे गेले. डोळे गेल्यावर त्याने कुठून तरी खरी काच मिळवली, या शिल्डला बसवली आणि चाचपडत येऊन इथे टांगली. म्हणाला, हा नमुना. लोकांनी ताडून बघावं. मग रोज दुपारी त्या बाकावर येऊन बसायचा. कुणाशी बोलायचा नाही. गिऱ्हाईक आलं की फक्त मान वर करायचा. एक दिवस यायचा बंद झाला.

"आणि तरीही तुम्ही हाच डबा विकत राहिलात," मी म्हणालो.

"धंदा आहे, आजोबा. त्यालाही मी बसू दिलंच ना?"

मी शिल्ड डाव्या हातात घेतली. मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळलेली, वर्षानुवर्षं धरून तिच्यात बोटांचे खळगे पडलेले. माझी बोटं त्यांत बसली. पहिलं, दुसरं, चौथं. करंगळीशेजारच्या बोटाचा खळगा मात्र मध्येच संपत होता. ज्याची ही शिल्ड, त्याचं ते बोट अर्धंच असणार. पत्रा कापताना अशी बोटं जातात. पट्टी दमट आणि कोमट होती, नुकतीच कुणीतरी खाली ठेवावी तशी.

काचेतून मी ट्यूबलाइटकडे पाहिलं. काळोख, आणि त्यात एक हिरवट रेघ. खरी काच. मी ती पणकाच्या हातात दिली आणि म्हटलं, ही बघ. हिला काच म्हणतात.

तिने ट्यूबकडे पाहिलं. मग शिल्ड तशीच चेहऱ्यासमोर धरून ती हळूहळू दुकानाच्या मागच्या बाजूला वळली.

"आजोबा, हे काका काय करतायत?"

"कोण काका?"

"बाकावरचे. खाली वाकलेत. त्यांच्या पुढ्यात हिरवा तारा आहे, छोटासा. आणि त्याच्याखाली काहीतरी पातळ, मधासारखं, सरकतंय."

लक्षात घे, माझ्या नातीने वेल्डिंगचा तो ठिपका कधी पाहिला नव्हता. आईची सक्त ताकीद होती. तो हिरवा दिसतो आणि खाली वितळलेलं लोखंड मधासारखं सरकतं, हे माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात सांगू शकत नसत.

मी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

"आणि त्यांनी तोंडासमोर काहीच धरलेलं नाही," ती म्हणाली. "पण का?"

मी तिच्याकडून शिल्ड घेतली आणि बघितलं. मला फक्त काळोख दिसला. पण वास वाढला होता. दुकानदारालाही तो आला असावा, कारण त्याने मान वर करून ट्यूबच्या पट्टीकडे पाहिलं.

आता एक गोष्ट तुला माहीत हवी. कुठल्याही कारखान्यात वेल्डर रॉड टेकवण्याआधी मोठ्याने एक शब्द म्हणतो. माझ्या शाळेत तो शब्द होता, "डोळे". तो ऐकला की आजूबाजूचे सगळे तोंड फिरवतात, कामात असले तरी, भांडत असले तरी. मी मुलांना आधी हे शिकवायचो आणि नंतर होल्डर हातात द्यायचो.

पणका बाकाकडे दोन पावलं पुढे गेली होती.

तेवढ्यात बाकाच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "डोळे."

आवाज मोठा नव्हता. दमलेला होता.

तीस वर्षांची सवय. माझे डोळे आपोआप मिटले, मान फिरली. उजवा हात मी नातीकडे लांब केला, तिचे डोळे झाकायला. हाताला काही लागलं नाही. ती माझ्या टप्प्यात नव्हती. डाव्या हातात शिल्ड होती, आणि ती तिच्यासमोर धरायचं मला सुचलं नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा तडतडाट.

मिटलेल्या पापण्यांवर लाल उजेड. उजव्या गालाला ऊब.

दुकानदार हसत म्हणाला, "कुणाचे डोळे?"

मग सगळं थांबलं.

मी डोळे उघडले. ट्यूबलाइट जळत होती. बाक रिकामा. चालतंय डोळे चोळत होता. म्हणाला, ट्यूब फडफडतेय वाटतं, बदलायला पाहिजे. पणका होती तिथेच उभी होती, बाकाकडे तोंड करून. मी तिला खांद्याला धरून वळवलं. तू बघितलंस का, एवढंच मला विचारता आलं.

"नाही," ती म्हणाली. "डोळे झाकले होते ना."

मला सुटल्यासारखं वाटलं. कुणी झाकले, हे मी विचारलं नाही. दुकानदार म्हणाला, ती शिल्ड घेऊन जा आजोबा, फुकट न्या, चालतंय. मला मोह झाला. लेकीला सोमवारी हवीच होती. पण पणकाने ती माझ्या हातातून घेतली, बाकावर चढली आणि परत खिळ्याला टांगली. "ही नेली तर बाकीच्यांनी कशाशी ताडून बघायचं?" रंगाच्या चार काचा तिने तिच्या खाली बाकावर ओळीने मांडून ठेवल्या. त्याने अडवलं नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या दुकानात आम्हाला खरी काच मिळाली. ट्यूबसमोर धरून, नखाने खरवडून घेतली. चामड्याचे मोजेही घेतले. घरी परतताना पणका काचेचं पुडकं छातीशी धरून चालत होती. मग म्हणाली, "तुमचा हात केवढा गार होता, आजोबा."

मी तिला रस्ता ओलांडताना गाड्या बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दुकानदार होता. रडत होता. काल तुम्ही माझ्या दुकानात काही पेटवलं होतं का, असं विचारत होता. मी त्याला एवढंच विचारलं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वाटते का? तो हो म्हणाला. तो डबा स्वतःच्या हाताने फोडतो म्हणाला, पण हे थांबवा. मी त्याला डॉक्टरांचा पत्ता दिला आणि अंधारात पडून राहायला सांगितलं. सवय होईल, असं म्हणायचं जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं.

फोन ठेवला आणि आरशात पाहिलं. माझा उजवा गाल लाल झाला होता, दिवसभर उन्हात बसल्यासारखा.

मी नातीच्या खोलीत धावलो. ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. डोळे स्वच्छ होते, टपोरे, न सुजलेले. कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी मात्र भाजून लाल झाली होती. मधोमध, डोळ्यांवरून आडवा, कातडीचा मूळचा रंग तसाच राहिला होता. एका पंजाचा आकार, बोटं सुटी सुटी दिसत होती.

पणकाने आरशात माझ्याकडे पाहिलं. "पण का?" म्हणाली नाही. तिने डावा हात उचलला, बोटं पसरून त्या ठशावर ठेवली, क्षणभर थांबली, आणि करंगळीशेजारचं बोट अर्ध्यात दुमडलं.