पडणारा भाडेकरू

"परत पडला!" झाडामागून शेजारचा परीक्षित ओरडला.

"हळू बोल ना! ऐकेल तो!" अपूर्वाने त्याला चिमटा काढला.

मिल्टन गावातल्या नव्या वस्तीमागच्या मैदानात डग एकटाच होता. डग म्हणजे अपूर्वा आणि तिचा भाऊ निमिष यांच्या बेसमेंटमधला भाडेकरू. दाराएवढा माणूस, कान चुरगळलेले. लांबट चेंडू छातीशी धरून तो धावला, आपणहून धाडकन पडला, उठला आणि चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे ढकलला. मागे कुणीच नव्हतं. मग स्वतःच मागे जाऊन त्याने चेंडू उचलला आणि पुन्हा पडला! निमिषला ते बघवेना.

बाबांनी, म्हणजे चारुदत्तरावांनी, गाडीतून जाताना हे एकदाच पाहिलं आणि निकाल लावून टाकला. माणूस पितो! रविवारी त्याला खोली रिकामी करायला सांगायची!

"बट बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क हिम!" निमिष म्हणाला होता.

"विचारायचं काय त्यात? बेसमेंट रेंटवर दिलंय, बार नाही उघडला!"

म्हणून तर आज ही हेरगिरी चालली होती. परीक्षित रांगत डगच्या बॅगेपाशी गेला आणि त्याने बाटली हुंगली.

"पाणी! नुसतं पाणी!" तो ओरडला. वर बघतो तर समोर डग! परीक्षितची बोबडीच वळली.

डग मात्र हसत गवतात बसला. "मी रग्बी लीग खेळतो. फॉरवर्ड आहे. धडका द्यायच्या आणि खायच्या, हीच माझी नोकरी."

एकोणिसाव्या वर्षी तो खेळायला इंग्लंडला गेला. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात, एका गावातून दुसऱ्या गावात. मग खांदा मोडला आणि क्लबने घरी पाठवलं. आता पुढच्या महिन्यात एका क्लबने त्याला चाचणीला बोलावलं होतं.

"पाडलं की झटकन उठायचं, चेंडू पायाने मागे द्यायचा. मागे आपला माणूस उभा असतो." डगने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. "इथे नाही कुणी."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. खोली गेली तर हा सराव कुठे करणार, राहणार कुठे? आणि बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं!

शनिवारी सकाळी अपूर्वाने गळ टाकला. "बाबा, क्रिकेट! फर्स्ट बॅटिंग तुमची!"

बाबा बॅट घेऊन तरातरा निघाले. मैदानात बघतात तर परीक्षित डगच्या कमरेला लोंबकळतोय! डग पडला, उठला, आणि चेंडू घरंगळत थेट निमिषच्या हातात. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच!

"अरे, हा तर प्रॅक्टिस करतोय!" बाबा म्हणाले.

"पिणाऱ्याला जमेल का असं?" अपूर्वाने विचारलं.

बाबांनी कान पकडले. झालेला सगळा घोळ त्यांनी डगला सांगितला आणि माफी मागितली. "खोली तुझीच आहे. आणि आज वर जेवायला ये."

"इतक्या गावांत खेळलो. खोली सगळीकडे मिळाली," डग हळूच म्हणाला. "वर कुणी बोलावलं नव्हतं."

"शाबास रे पोरांनो!" बाबांनी सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. निमिषला मात्र आनंद होईना. हिवाळाभर हा माणूस त्याच्याच पायाखाली एकटा जेवत होता. मध्ये तेवढा एक जिना होता, आणि निमिषही तो कधी उतरला नव्हता.