न उघडलेल्या दहा डब्या

"आते, सकाळच्या पाळीला कोणीच नाही!"

शनिवारी सकाळी साडेसहाला रोवेनाचा फोन आला तेव्हा फेली दूध काढायला फ्रीजपाशी उभी होती. सौदीतल्या यांबूच्या त्या हॉस्पिटलात सगळ्या फिलिपिनो नर्स तिला 'आते' म्हणत. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. एकोणीस वर्षं ती इथे होती. संसर्ग आणि विषबाधा हे तिचं खातं.

"कोणीच नाही म्हणजे?"

"दहा जणी आडव्या झाल्यात. पहाटेपासून पोटात कळा, जुलाब. चौघींना सलाइन लावलंय. कालची कोंबडी, आते. त्या यह्याची."

फेलीने दूध काढलं. त्यामागे चंदेरी कागदाचं एक पुडकं होतं, वर अनालिनच्या अक्षरात 'आते फेलीला'. काल अनालिनचा वाढदिवस वॉर्डात झाला. फेली जेद्दाहून संध्याकाळी परतली, तेव्हा हे पुडकं दाराच्या कडीला लटकत होतं. न आलेल्या माणसासाठी चार घास बांधल्याशिवाय त्यांच्याकडे कुठलीच पार्टी संपत नाही. आत यह्याचीच कोंबडी असणार, म्हणून फेलीने ते उघडलंसुद्धा नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या कोंबडीने तिचा जीव विटला होता. नाक्यावरचं ते एकच दुकान, तीन वर्षांपूर्वी उघडलेलं. कुरकुरीत ब्रोस्ट, सोबत पाव, चिप्स आणि लसणाच्या पांढऱ्या सॉसची डबी. भाताचा पत्ता नाही, ग्रेव्हीचा तर नाहीच. तळलेली कोंबडी आणि भात नाही, याला जेवण म्हणायचं तरी कसं?

सात वाजता ती ऑफिसात पोचली, तर नगरपालिकेचे निरीक्षक मुहन्नद आधीच खुर्चीत बसलेले. समोर एक छापील कागद.

"सिस्टर, एवढी सही करा. विषबाधा यह्याच्या कोंबडीने झाली, असं."

"तपासणी झाली?"

"दहा आजारी, दहाही जणींनी तेच खाल्लं. अजून काय तपासायचं? दुकानाला सील लावलंय. यह्या आमच्या ताब्यात आहे. तुमची सही झाली की दुपारी त्याचा परवाना रद्द. उद्या तो येमेनला."

"उद्याच?"

"दहा नर्सचा मामला आहे. वरून तीन फोन आले."

फेलीने पेन उचललं. तीन वर्षांचा राग त्या पेनात होता. मग कागदावरची 'फोनवरून तक्रार' ही ओळ तिला दिसली आणि तिने पेन खाली ठेवलं.

"तक्रार किती वाजता आली?"

"सहाला. तुमच्याच वॉर्डातून."

"दुपारपर्यंत थांबा, उस्ताद मुहन्नद."

"जुहरच्या, दुपारच्या नमाजापर्यंत. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

तातडीच्या विभागातल्या नोंदवहीत पहिली नर्स पाच चाळीसला आलेली होती. दुसरी पाच पंचावन्नला. बाकीच्या आठ जणी सहा ते साडेसहाच्या दरम्यान. म्हणजे फोन झाला तेव्हा आजारी फक्त दोघी होत्या. दोघींच्या पोटात दुखलं की माणूस डॉक्टरला बोलावतो. नगरपालिकेला कोण बोलावतं?

जिन्यात डॉक्टर हिशाम भेटले. इजिप्तचे, आवाज मोठा.

"मीही होतो पार्टीला! चार वाजता, सगळ्यांच्या आधी, उभ्याउभ्या जेवून निघालो. दोन तुकडे, आणि सॉसची अख्खी डबी पुसून खाल्ली. बघा, ठणठणीत!"

"तुम्हाला काहीच झालं नाही?"

"मला? कैरोत रस्त्यावरचं खाऊन मोठा झालोय मी. तुमच्या पोरी नाजूक, सिस्टर!"

फेली तशीच वॉर्डाकडे वळली.

वॉर्डाच्या पँट्रीत कचऱ्याची पिशवी बांधून ठेवलेली होती. शुक्रवारी सफाईवाले येत नाहीत. तिने हातमोजे चढवले आणि पिशवी जमिनीवर पालथी केली. बारा खोकी. पाव जसेच्या तसे. चिप्स थंड, मऊ, कुणी हात न लावलेले. हाडं मात्र चाटूनपुसून खाल्लेली. आणि लसूण-सॉसच्या बारा डब्या. तिने त्या ओळीने मांडल्या. दहा डब्यांचं झाकण सीलबंद होतं. दोनच उघडलेल्या.

खिडकीत एक निळा थर्मास उलटा वाळत घातला होता, रुंद तोंडाचा. तिने तो नाकाशी नेला आणि पटकन दूर केला. ब्लीचचा भपकारा आला.

"चहाचा आहे," मागून रोवेना म्हणाली. ती वॉर्डाची प्रमुख नर्स, आणि अकरा वर्षं फेलीची जिवाभावाची. रात्रभर न झोपल्यासारखे डोळे लाल झाले होते. "आते, कचरा कसला उपसतेस? सही करून टाक ना. पोरी मरता मरता वाचल्या."

"तू बरी आहेस?"

"देवाची कृपा. मी सगळ्यांत शेवटी जेवले. एकच तुकडा उरला होता."

"नशीब काढलंस," फेली म्हणाली.

अनालिनचा चेहरा उशीइतकाच पांढरा पडला होता. हातात सलाइन. फेली तिच्या कॉटवर टेकली. रोवेना दारात उभी राहिली.

"काय काय खाल्लंस, बाळा?"

"चिकन, आते."

"आणि?"

"बस."

"नुसतं चिकन? कोरडं?"

अनालिनची नजर एक क्षण दाराकडे गेली. "हो. कोरडंच."

"मग त्यात मजा काय आली?"

"आते, ती आजारी आहे गं," रोवेना म्हणाली. "पुरे आता."

साडेदहाला फेली नगरपालिकेत गेली. यह्या एका बाकावर बसला होता, अंगात अजून तेलाच्या डागांचा एप्रन. तिला पाहताच उभा राहिला.

"सिस्टर, तुम्ही तरी सांगा! आठ वर्षं या गावात तळतोय मी. त्याच तेलातली, त्याच मसाल्यातली कोंबडी काल एका लग्नाला गेली. तिथे दीडशे माणसं जेवली. कुणाला ढेकरसुद्धा वाईट आला नाही!"

"कोंबडी किती वाजता दिलीस?"

"पावणेचारला, कढईतून थेट. खोकं धरवत नव्हतं, इतकी गरम. तुमची ती मोठी सिस्टर स्वतः घेऊन गेली."

"रोवेना?"

"तीच. एरवी माझ्याशी भांडल्याशिवाय हलत नाही. भात का नाही? ते तुमचं तपकिरी पाणी का नाही? सॉसच्या डब्या माझ्या काउंटरवर आपटते, म्हणते ठेव तुझ्याकडेच. काल मात्र काही बोलली नाही. हसली आणि गेली." यह्याचा आवाज एकदम उतरला. "सिस्टर, तिकडे आमच्या घराला आता छप्पर नाही. बायको-मुलं माझ्या चुलत्याकडे एका खोलीत आहेत. मी परत गेलो तर आम्ही खायचं काय?"

फेलीला त्याच्याकडे बघवेना. याच माणसाच्या काउंटरवर तिनेही डब्या आपटल्या होत्या. सकाळी तर हातात पेन होतं.

काल मात्र काही बोलली नाही.

ती टॅक्सी करून थेट घरी गेली. फ्रीज उघडला. पुडकं तसंच उचललं, न सोडता बर्फाच्या डब्यात ठेवलं, आणि रोवेनाला व मुहन्नदांना पँट्रीत बोलावलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"सही केलीत?" मुहन्नदांनी विचारलं.

"आधी हे बघा." तिने डब्यांची रांग दाखवली. "पार्टीत बारा जण जेवले, बारा डब्या आल्या. उघडल्या गेल्या दोनच. आता सांगा, आजारी नसलेले किती?"

"डॉक्टर हिशाम. आणि ही सिस्टर."

"दोन. सॉस खाल्लेले दोघे बरे, न खाल्लेल्या दहा जणी आजारी."

मुहन्नद हसले. "म्हणजे लसूण औषध झालं की काय?"

"नाही. उस्ताद, तुम्ही आमच्यात राहिला नाहीत. आमचा माणूस उपाशी राहील, पण तळलेली कोंबडी कोरडी खाणार नाही. त्याला भात लागतो आणि भातावर ग्रेव्ही लागते. दहा जणींनी सॉस उघडला नाही, पाव-चिप्सना हात लावला नाही, तरी हाडं चाटून खाल्ली. म्हणजे दुसरं काहीतरी होतं. ते बाहेरून आलं, कारण यह्याकडे ते मिळत नाही. आणि ज्या बाईने तीन वर्षं त्याच्याशी ग्रेव्हीवरून भांडण केलं ती काल हसत खोकी घेऊन गेली, कारण काल तिला त्याच्या ग्रेव्हीची गरज नव्हती."

"आते, काय बोलतेस तू?" रोवेनाने ओट्याची कड धरली.

"घरून शिजवलेलं वॉर्डात आणायला बंदी आहे. सापडलं तर सगळ्यांना ताकीद. म्हणून पोरींनी तोंड मिटलं, आणि त्यांना खरंच वाटलं की दोष कोंबडीचा आहे. आपण सगळ्या त्या कोंबडीवर इतक्या चिडलेल्या, की कुणाला शंकाच आली नाही. मलाही नाही." फेलीने थर्मास पुढे ठेवला. "तू गुरुवारी रात्री ग्रेव्ही केलीस. गरम राहावी म्हणून यात भरलीस. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत ती कोमट होऊन बसली. मांसाच्या रश्श्यातले काही जंतू उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट ग्रेव्हीत दुपटीने वाढत जातात. खाल्ल्यावर बारा-तेरा तासांनी कळा येतात. चारला जेवल्या, पहाटे पाचला पोटं धरली."

"थर्मास चहाचा आहे, सांगितलं ना!"

"चहाचा थर्मास ब्लीचने कोण धुतं? पहाटे पहिल्या दोघी आल्या तेव्हाच तुला कळलं. तूही नर्सच आहेस. तू थर्मास धुतलास आणि सहाला नगरपालिकेला फोन केलास. उरलेल्या आठ जणी तेव्हा अजून आल्याही नव्हत्या."

"मीही तेच खाल्लं! मग मला का नाही झालं?"

"कारण तू शेवटी जेवलीस. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थर्मास निपटला होता. एक तुकडा उरला, आणि तोंडाला लावायला काही नाही. मग तू आयुष्यात पहिल्यांदा ही दुसरी डबी उघडलीस."

मुहन्नदांनी घसा साफ केला.

"सिस्टर, हे सगळं पटतं. पण पुरावा? ग्रेव्ही तर संपली."

"संपली, असं हिलाही वाटलं."

फेलीने बर्फाच्या डब्यातलं पुडकं काढून त्यांच्यासमोर सोडलं. कोंबडीचा एक तुकडा. भाताचा मुटका. आणि जॅमची चिमुकली बाटली, त्यात गोठलेली तपकिरी ग्रेव्ही.

"अनालिनने माझ्यासाठी बांधून ठेवली होती. तू जेवायला बसायच्या आधी."

रोवेना बाटलीकडे बघत खाली बसली, तिथेच जमिनीवर, खोक्यांच्या पसाऱ्यात.

"पोरीच्या वाढदिवसाला एकदा तरी घरच्यासारखं जेवण व्हावं, एवढंच होतं गं," ती म्हणाली. "माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. हे कळलं असतं तर नवा मिळाला नसता. आई आंधळी आहे माझी, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग गप्प बस ना, आते. तो कोण आपला?"

फेलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"नुसती चूक असती तर मी तुझ्या बाजूने भांडले असते, रोवेना. वरिष्ठांच्या पाया पडले असते. पण पहाटे सहाला तू फोन लावलास तेव्हा तुला पक्कं ठाऊक होतं, की हा माणूस निर्दोष आहे."

बाहेर जुहरची अजान सुरू झाली. मुहन्नदांनी आपला कागद चार तुकड्यांत फाडला, बाटली मोहरबंद केली, आणि कोरा कागद फेलीपुढे सरकवला. तिने हकिकत लिहिली. कोणी केलं, या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मग तिने अकरा वर्षांच्या मैत्रिणीचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. कोंबडीत काही नव्हतं, ग्रेव्हीत जंतू खच्चून भरले होते. तोवर यह्याची कढई पुन्हा तापली होती. रोवेनाचं मनिलाचं तिकीट आलं, तेव्हा तिची बॅग फेलीनेच भरून दिली.

विमानतळावरून परतताना फेली नाक्यावर उतरली. तिला पाहून यह्या चपापला.

"सिस्टर, भात नाही हां. आणि ते तुमचं..."

"मी मागितलं का?"

त्याने खोकं पुढे ठेवलं. ती तिथेच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. तुकडा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने लसूण-सॉसच्या डबीचं झाकण सोललं.