टोपल्याखालचं पीठ

शहाण्णव सालच्या पौषात माझ्या आतेभावानं, विश्वेश्वरनं, घाटनांदूरजवळच्या शेतात हुरड्याचा धंदा काढला. उत्साह दांडगा! खायला आगटीवरचा हुरडा आणि तिळाची चटणी, प्यायला ताक, आणि राहायला ऊसतोडीला गेलेल्यांची घरं. पहिले पाहुणे आम्हीच, मी आणि माझी बायको महादेवी. दोन बाळं पोटातच गेल्यावर तिला पुन्हा पाचवा महिना लागला होता. चार घास मोकळ्या हवेत खाईल म्हणून मीच हट्टानं नेलं. त्या हट्टाची मला आजही चीड येते.

दिवस मावळताना विश्वेश्वर आम्हाला वस्तीवरच्या एका घरात सोडून गेला. "इथली म्हातारी दोन दिवस शेजारी झोपणार हाय. गेल्या आठवड्यातच ठरलंय आमचं," म्हणाला. घर नुकतंच सारवलेलं होतं. शेणाच्या ओल्या वासात करपलेल्या वातीचा वास मिसळला होता. कोपऱ्यात एक टोपलं पालथं होतं. अंथरूण घालायला महादेवीनं ते उचललं. खाली ज्वारीचं पीठ पसरलेलं, शेजारी विझलेला दिवा.

"उंदरांची पंगत मांडलीय वाटतं," ती हसली. पीठ झाडून काढलं आणि तिथंच आडवी झाली. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला माती देतात. त्या पिठाचा अर्थ आम्हाला काय ठाऊक!

थोड्या वेळानं शेजारची साखराबाई कंदील घेऊन आली, ती दारातच थबकली.

"बाई... उठा तिथून. ह्या घरची म्हातारी, चंद्रभागाबाई, तिथंच गेली. आज सकाळी जाळलं तिला."

"आम्हाला... कुणीच सांगितलं न्हाई," मी म्हणालो.

"लेकाला, आसारामला बी सांगता आलं न्हाई. कोणत्या कारखान्यावर हाय, कुणाला ठावं? लई वाट बघितली म्हातारीनं." ती कोपऱ्याकडं बघत राहिली. "मेलेल्याचा पुढचा जलम कशाचा, त्ये पिठात उमटतंय. त्येच बघाया आलते."

महादेवी पोटावर हात धरून कशीबशी उठली. "काहीच नव्हतं हो त्यात... कोरं होतं."

साखराबाईनं कंदील वर केला. तिची नजर महादेवीच्या पोटावरून हलेना.

"मंग... ती अजून घरातच हाय."

आम्ही त्याच पावली निघालो. पुढचे चार महिने मी देवाकडे एकच मागत होतो, बाळ जगू दे. वैशाखात मुलगी झाली, अगदी ठणठणीत. कावेरी नाव ठेवलं. मी आनंदानं रडलो.

ती चार वर्षांची असताना, दिवाळी सरल्यावर, मी तिला घेऊन केजला गेलो होतो. स्टँडबाहेर ऊसतोडीचे ट्रक भरत होते. भांडी, शेळ्या, माणसं, सगळं एकावर एक. कावेरी माझा हात सोडून धावली आणि एका अनोळखी माणसाच्या पायांना तिनं मिठी मारली.

"आसाराम... औंदा तरी मला एकटीला ठिवून जाऊ नको."

त्या माणसाच्या हातातलं गाठोडं गळून पडलं. तो मटकन खाली बसला, तिच्या तोंडाकडे बघत. मी धावत जाऊन हात पुढं केले.

"कावेरी... चल बाळा."

ती त्याला आणखी बिलगली. माझ्याकडं क्षणभर बघून तिनं त्यालाच विचारलं, "ह्ये कोण हाय रे?"