जूनी खूर्ची. बसुन बघा.

माणसाचा सगळा इतिहास हा खुर्चीचा इतिहास आहे. खुर्चीसाठी भाऊ भावाला ओळखेनासा झाला, मित्रानं मित्राचा केसानं गळा कापला, आणि भलेभले लोक खुर्ची मिळाली म्हणून फुगले अन् गेली म्हणून खंगले. एवढा महिमा असलेली ही वस्तू आमच्या नायिकेच्या घरात नव्हती. नवं दोन खोल्यांचं घर घेतल्यापासून ती उलट्या बादलीवर बसत होती.

ती मुद्रितशोधक होती; म्हणजे छपाईला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरायची. नऊ शनिवारांपूर्वी प्लास्टिकचं स्टूल आणायला निघाली असताना एका दुकानाच्या काचेआड तिला पाटी दिसली – 'जूनी खूर्ची. बसुन बघा.' चार शब्दांत तीन चुका! रस्त्यात अपघात दिसल्यावर डॉक्टर थांबतो, तशी ती थांबली. आत शिरली, पर्समधून पेन्सिल काढली आणि कुणाला न विचारता पाटी दुरुस्त करून टाकली.

"बसूनमधला सू दीर्घ," ती म्हणाली.

लाकडाच्या भुशानं भुवया पांढऱ्या झालेला एक तरुण खुर्च्यांच्या ढिगामागून वर आला. त्यानं पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... पाटीकडे पाहिलं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

"मग – बसूऊऊन बघता?" त्यानं विचारलं.

तिला हसू आलं, आणि हसू आल्याची लगेच काळजी वाटली. काळजी करणं हा तिचा जोडधंदाच होता.

त्यानंतर दर शनिवारी ती येऊ लागली. दर शनिवारी एखाद्या खुर्चीला अडकवलेल्या चिठ्ठीवर नवी चूक असायची. 'सागवानि.' 'दूरुस्त केलेली.' ती पेन्सिल काढायची, तो हात मागे बांधून उभा राहायचा, आणि मग दोघं खुर्च्यांकडे वळायचे.

"ही मिड-सेंच्युरी मॉडर्न," तो सांगायचा.

"म्हणजे?"

"आजोबा तरुण होते तेव्हाची फॅशन. पाय बघा, खाली निमुळते. हात रुंद, चहाचा कप राहील असे. उगाच नक्षी नाही. बसा... नाही, असं नाही. पाहुण्यासारखं टोकावर नका बसू. मागे टेका."

ती मागे टेकायची. खुर्ची करकरायची. तिला वाटायचं, आपणच करकरलो.

"दोन घ्यायच्या असतील तर सारख्या घेऊ नका," एकदा तो म्हणाला. "सारख्या घेतल्या की घराचा दवाखाना होतो. एक वेताची जुनी घ्या, एक ही अशी. लाकडाचा रंग थोडा मागंपुढं चालेल. फक्त बैठकीची उंची जुळली पाहिजे."

"ती का?"

"नाहीतर समोरासमोर बसल्यावर एकजण जन्मभर वरून बोलतो."

हे वाक्य ती घरी घेऊन गेली आणि आठवडाभर बादलीवर बसून त्याचा अर्थ लावत राहिली.

गंमत अशी की दुकानदार असून तो विकायला तयार नसे. तिला एखादी आवडलीच, तर म्हणे, "हिची पाठ तुम्हाला मानवायची नाही." दुसरी आवडली, तर, "हिला पूर्वी वाळवी लागली होती, स्वभाव गेला नसेल." तिला वाटे, आपल्याला खुर्ची द्यायचीच नाही याला. मग ती स्वतःच दोष काढी. एक खुर्ची तर तिनं सावली वाकडी पडते म्हणून नाकारली.

"अगं, नऊ आठवडे!" ताई फोनवर ओरडली. "मी नवरा पाऊण तासात पसंत केला."

"म्हणून तर मी वेळ घेतेय, ताई."

पण आता वेळ उरला नव्हता. मागच्या शनिवारी त्यानं चाचरत सांगितलं होतं की एका कॅफेवाल्यानं दुकानातल्या सगळ्या खुर्च्या एकगठ्ठा मागितल्यात. सोमवारी ट्रक येईल. त्या रात्री तिला झोप लागली नाही. खुर्ची निवडली, तर इथं येणं संपलं. नाही निवडली, तर खुर्च्याच संपल्या. दोन्हीकडून वाक्याला पूर्णविराम.

या शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकरच आली. सवयीनं पहिली चिठ्ठी वाचली – 'मूळ सागवानी लाकूड.' दुसरी – 'वेताची बैठक, नुकतीच दुरुस्त केलेली.' तिसरी, चौथी... सगळं शुद्ध. मू दीर्घ, दुरुस्तमधले दोन्ही उकार ऱ्हस्व. तिनं काढलेली पेन्सिल हळूच पर्समध्ये परत ठेवली. कुणीतरी आलं होतं याच्या आयुष्यात. शिक्षिका असणार. अक्षर सुंदर, केस लांब, आणि घरात आधीपासून खुर्च्या असलेली!

"कुणाकडून तपासून घेतलंत?" तिनं विचारलं. आवाज अगदी सहज काढायचा होता. तो निघाला किंचाळल्यासारखा.

"काय?"

"शुद्धलेखन हो. चांगलं आहे... माणसानं सुधारावं."

"कुणाकडून नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला येतं."

"कधीपासून?"

"चौथीपासून. आई मराठी शिकवायची. मी मामाला पत्र लिहिलं की ते आधी तपासून, मार्क देऊन, मग पेटीत पडायचं."

"मग ती पाटी?"

"पाटी रंगाऱ्यानं लिहिली होती. त्याच दिवशी उतरवणार होतो, तर तुम्ही पेन्सिल घेऊन आलात. पुढच्या चुका मात्र सगळ्या माझ्या. 'दूरुस्त' लिहिताना डोळे मिटून घ्यायचो. वाटायचं, मागे आई उभी आहे."

"म्हणजे मी इतके दिवस... मला वाटत होतं, मी तुम्हाला शिकवतेय!"

"रागावू नका. चुका संपल्या असत्या तर तुम्ही कशाला आला असता?"

"खुर्च्या बघायला!"

"नऊ आठवडे?"

सावलीवालं कारण पुन्हा सांगायचा धीर तिला झाला नाही.

"मग आज का बरोबर लिहिलंत?" तिनं विचारलं.

"आज खरं बोलायचं ठरवलं होतं. खोट्या चिठ्ठ्यांसमोर उभं राहून कसं बोलणार?" त्यानं कोपऱ्यातली चादर ओढली. खाली समोरासमोर दोन खुर्च्या. एक वेताची, सरळ पाठीची. दुसरी निमुळत्या पायांची, रुंद हातांची. "या कॅफेवाल्याला दिलेल्या नाहीत. उंची तीनदा मोजलीय. जुळते."

वेताच्या खुर्चीला चिठ्ठी होती. तिनं वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर नऊ आठवड्यांत प्रथमच निवांतपणा आला.

"राखीवमधला खी दीर्घ," ती म्हणाली. "तुम्ही ऱ्हस्व लिहिलाय."

तो पांढराफटक पडला. चिठ्ठी हिसकून त्यानं दोनदा वाचली.

"ही मुद्दाम नाही हो... आईशप्पत. ही खरंच चुकली. लक्ष दाराकडे होतं."

तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकाच वेळी आल्यानं गोंधळ उडाला. ती वेताच्या खुर्चीत बसली – पाहुण्यासारखी नाही, चांगली मागे टेकून – आणि चष्मा काढून समोरच्या खुर्चीत ठेवत डोळे टिपले.

"एकीवर मी बसेन," ती म्हणाली. "दुसरीवर... कुणी बसणार असेल, तरच दोन्ही घेईन."

"कधीपर्यंत बसायचं?"

"उठा म्हणेपर्यंत."

तो समोरच्या खुर्चीत मटकन बसला. नजरेला नजर अगदी सरळ मिळाली. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. बाहेरची रहदारी थांबली, किंवा या दोघांना ऐकू येईनाशी झाली. तो पुढे झुकला. तीही झुकली...

"ऐका ना," ती अगदी हळू म्हणाली.

"बोला ना."

"जरा उठता का? तुम्ही माझ्या चष्म्यावर बसलाय."